राष्ट्र, लोक आणि ‘पर’: हिब्रू ‘गोय’ शब्दाच्या अभ्यासाची प्रस्तावना

पवित्र शास्त्राची मराठी प्रत वाचायला घेतली की दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. जुन्या करारात ‘राष्ट्र’ आणि ‘राष्ट्रे’. नव्या करारात ‘परराष्ट्रीय’. दोन्ही सरळ मराठी शब्द आहेत, त्यांच्यापाशी कोणी अडखळत नाही. पहिल्याने मनात मुलूख, राजा, सीमा, सैन्य उभे राहते. दुसऱ्याने परकेपणाची एक रेघ ओढली जाते. हे दोन्ही शब्द एकाच हिब्रू शब्दाच्या वंशातले आहेत, हे मात्र मराठी पान आपल्याला सांगू शकत नाही. तो शब्द ‘गोय’, अनेकवचनी ‘गोयीम’. हिब्रू बायबलमध्ये तो साडेपाचशेहून अधिक वेळा येतो आणि त्याच्या घडणीत ‘पर’ या अर्थाचे एकही अक्षर नाही. मग हा ‘पर’ कुठून आला, केव्हा आला आणि तो येण्यापूर्वी या शब्दाला काय म्हणायचे होते, हा या अभ्यासाचा विषय आहे.

हिब्रू येत नाही म्हणून वाचकांनी बिचकू नये. गिमेल, वाव आणि योद या तीन अक्षरांचा हा शब्द ओळखायला एक संध्याकाळ पुरते. त्याच्या सोबतीचे ‘अम’, ‘लेओम’ आणि ‘उम्मा’ हे शब्द ध्यानात ठेवले की मराठी प्रत आणि शब्दसूची हाताशी घेऊन तुम्हाला बराच पल्ला गाठता येईल. गोमंतकीय वाचकांच्या कानाला ‘गोय’ ऐकताच ‘गोंय’ आठवेल. हे केवळ ध्वनीचे साम्य आहे. गोव्याचा या शब्दाशी खरा संबंध निराळ्याच वाटेने येतो, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. त्याकडे पुढे वळू.

आधी ‘गोय’चा शेजारी ‘अम’ समजून घेऊ, कारण एकट्याने पाहिले तर ‘गोय’ नीट दिसत नाही. मराठी भाषांतरात ‘अम’साठी बहुधा ‘लोक’ येते. मुळात मात्र या शब्दाला रक्ताच्या नात्याची ऊब आहे. त्याचा अरबी भाऊबंद ‘अम्म’ म्हणजे चुलता, बापाचा भाऊ. अब्राहाम मरण पावतो तेव्हा तो आपल्या ‘अम्मीम’ना जाऊन मिळाला असे उत्पत्तीत सांगितले आहे, म्हणजे आधी गेलेल्या आपल्या माणसांना, वाडवडिलांना. आपल्याकडे या अर्थाला सर्वांत जवळचा शब्द ‘लोक’ नव्हे, ‘भावकी’ आहे. अम्मीनादाब, अम्मीएल, एलियाम अशी माणसांची नावे या शब्दापासून होतात. ‘गोय’ घालून कोणी मुलाचे नाव ठेवलेले आढळत नाही. परमेश्वराचे ‘अम’ असा शब्दप्रयोग बायबलमध्ये आहे. परमेश्वराचे ‘गोय’ असा नाही. एफ्राईम स्पायझर या अभ्यासकाने 1960 साली ‘जर्नल ऑफ बिब्लिकल लिटरेचर’मधील एका लेखात हे फरक नेमकेपणाने मांडले: ‘अम’ नात्याचा, तर ‘गोय’ मुलूख आणि राज्यव्यवस्थेचा. साठ वर्षांनंतरही या विषयात पाऊल टाकणाऱ्याने त्याच लेखापासून सुरुवात करावी असे मी सुचवेन.

या दृष्टीने आपले जुने भाषांतरकार चुकले नाहीत. संस्कृतात ‘राष्ट्र’ म्हणजे राज्य, राज्याखालचा प्रदेश. ‘महाराष्ट्र’ या नावात तो मुलखाचा अर्थ आजही टिकून आहे. ‘गोय’साठी ‘राष्ट्र’ घेणे म्हणून अगदी योग्य ठरले. अडचण नंतरच्या काळाने आणली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत ‘राष्ट्र’ या शब्दात झेंडा, राष्ट्रगीत, नागरिकत्व, स्वातंत्र्याचा लढा एवढे सगळे भरले गेले की तो वाचताना आपण नकळत आजचा नकाशा डोळ्यांपुढे आणतो. वाचकांनी तो नकाशा थोडा वेळ बाजूला ठेवावा. युफ्रेटिस नदीकाठच्या मारी नगरीच्या उत्खननात, जे 1933 साली सुरू झाले, ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकातल्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत ‘गायुम’ असा शब्द आहे आणि तो टोळीच्या एका गटासाठी वापरलेला आहे. ‘गोय’ त्याचाच नातेवाईक असावा असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे राजवाडे आणि सीमा यांच्या आधी या शब्दाच्या वाट्याला तंबू आणि मेंढरे आली होती.

शब्दाची लवचीकता पाहायची असेल तर संदेष्टा योएल वाचा. देशावर चालून आलेल्या टोळधाडीला तो ‘गोय’ म्हणतो, कारण ती सैन्यासारखी येते आणि मुलूख व्यापते. उलट नीतिसूत्रांत मुंग्यांना ‘अम’ म्हटले आहे. दुबळ्या असूनही उन्हाळ्यात साठा करणारे ते एक कुटुंबच. टोळांना एक शब्द आणि मुंग्यांना दुसरा, यावरून त्या भाषेच्या कानाला काय जाणवत होते ते कळते. पण एक सावधगिरीही इथेच सांगितली पाहिजे. हिब्रू कविता एकच गोष्ट दोन ओळींत दोन शब्दांनी सांगते, आणि तिथे ‘गोय’ व ‘अम’ पुष्कळदा नुसते समानार्थी जोडीदार म्हणून उभे राहतात. यशयाच्या पहिल्याच अध्यायात पापाच्या ओझ्याखाली वाकलेल्या यहूदाला एकाच ओळीत दोन्ही नावांनी हाक मारली आहे. प्रत्येक ठिकाणी स्पायझरचा फरक शोधू गेलात तर कवितेवर अन्याय होईल. जिथे लेखक दोन शब्द मुद्दाम समोरासमोर ठेवतो, तिथे मात्र थांबा.

असे थांबण्याचे सर्वांत सुंदर ठिकाण निर्गमाच्या बत्तिसाव्या आणि तेहतिसाव्या अध्यायांत आहे. मोशे डोंगरावर असताना खाली लोकांनी सोन्याचे वासरू केले आहे. परमेश्वर रागाने मोशेला सांगतो, खाली जा, तू मिसरातून आणलेले ‘तुझे अम’ बिघडले आहे. मोशे उत्तरात नम्रपणे तोच शब्द परत करतो: तू मिसरातून आणलेल्या ‘तुझ्या अम’वर तू का कोपावेस? बिघडलेल्या पोराबद्दल आईबापांनी एकमेकांना ‘तुमचा मुलगा’ म्हणावे, तसा हा संवाद आहे. त्याच रागात परमेश्वर मोशेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. यांना नष्ट करून तुझेच एक मोठे ‘गोय’ करतो. मोशे तो स्वीकारत नाही. पुढच्या अध्यायात तो विनवतो आणि त्याची विनवणी या दोन शब्दांवर तोलली आहे: हे ‘गोय’ तुझे ‘अम’ आहे, हे ध्यानात घे. मराठीत हे वाक्य ‘हे राष्ट्र तुझे लोक आहे’ असे काहीसे होते आणि त्यातला जीव हरवतो. मोशेला म्हणायचे आहे की बाहेरून पाहिले तर हा एक जमाव आहे, जगातल्या अनेकांपैकी एक. पण तुझ्याशी त्याचे नाते भावकीचे आहे आणि भावकी तोडता येत नाही. इथे ‘गोय’ हा शब्द इस्राएलसाठी, इस्राएलच्याच नेत्याच्या तोंडी आहे. वाचकांनी ही गोष्ट मनात पक्की करावी.

ही एकच जागा नाही. सीनाय पर्वतापाशी इस्राएलला पवित्र ‘गोय’ होण्याचे पाचारण आहे. यार्देन नदी कोरड्या पायांनी ओलांडते ते सबंध ‘गोय’च आहे. रिबकेच्या उदरात दोन ‘गोयीम’ झगडत आहेत असे तिला सांगितले जाते तेव्हा त्यांतला एक एसाव, दुसरा याकोब. म्हणजे त्या जोडीत इस्राएलचा मूळ पुरुषही आला. गरारचा राजा अबीमलेख देवाला विचारतो की निर्दोष ‘गोय’लाही तू मारशील का, आणि तिथे शब्द परक्या राज्यासाठी आहे. यशयाच्या दुसऱ्या अध्यायातल्या प्रसिद्ध दृश्यात तलवारींचे नांगराचे फाळ होतात आणि एक ‘गोय’ दुसऱ्या ‘गोय’वर शस्त्र उचलत नाही. तिथे आपले आणि परके असा भेद ओळीत शिरतच नाही.

तरीही शब्दाची दुसरी बाजू झाकू नये. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात हित्ती, गिर्गाशी, अमोरी, कनानी, परिज्जी, हिव्वी आणि यबूसी या सात ‘गोयीम’ना देशातून घालवण्याची आज्ञा आहे, आणि तिचे शब्द कठोर आहेत. मवाबच्या डोंगरावरून इस्राएलची छावणी पाहणारा बलाम म्हणतो की हे ‘अम’ वेगळे राहते, ‘गोयीम’मध्ये स्वतःला मोजत नाही. पुढे जी रेघ स्पष्ट होणार होती ती इथे पहिल्यांदा अंधूक दिसते, आणि ती एका परक्याने ओढली आहे. ही स्थळे वगळून केलेला अभ्यास गोड होईल पण खरा होणार नाही. एवढेच लक्षात ठेवा की त्याच संग्रहात आमोसही आहे. इस्राएलला मिसरातून बाहेर काढले तसे पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून मीच आणले, असे परमेश्वर आमोसच्या तोंडून सांगतो.

व्यक्तीला तिची ओळख विचारायची असते तेव्हा कोणता शब्द पुढे येतो, हेही पाहण्यासारखे आहे. वादळात सापडलेले खलाशी योनाला विचारतात, तुझा धंदा कोणता, तू आलास कुठून, तुझा देश कोणता, तू कोणत्या ‘अम’चा. मवाबी रूथ सासूला सोडायला तयार नसते तेव्हा ती नामीच्या ‘अम’ला आपले ‘अम’ म्हणते. ‘गोय’ बदलण्याची भाषा ती करत नाही. मुलूख ओलांडता येतो. सून म्हणून, मायेने, भावकीतही शिरता येते. बायबलमध्ये एकटा माणूस कधीच ‘गोय’ नसतो. ‘गोय’ नेहमी समूह असतो, जसे मराठीत एकटा माणूस ‘राष्ट्र’ असू शकत नाही.

मग बदल झाला कुठे? माझ्या मते त्याचे मूळ पराभवात शोधले पाहिजे. ख्रिस्तपूर्व 586 च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळले, राजा गेला, लोकांना बाबेलला नेले. मुलूख आणि राज्य हीच ज्याची लक्षणे तो शब्द आता स्वतःला कसा लावायचा? यिर्मयाच्या तेहतिसाव्या अध्यायात ही वेदना उघड बोलली आहे: माझ्या ‘अम’ला लोक तुच्छ मानतात, आता ते ‘गोय’ उरले नाही असे समजतात. आधीच्या एकतिसाव्या अध्यायात त्यावर आश्वासन आहे. सूर्य, चंद्र आणि तारे यांचा नियम मोडेल तरच इस्राएल ‘गोय’ असणे थांबेल. या स्थळापाशी मी दर वेळी रेंगाळतो. इथे भीती ‘गोय’ न उरण्याची आहे. त्याच समाजाने काही शतकांनी हा शब्द फक्त इतरांसाठी राखून ठेवला, हे कळल्यावर यिर्मयाच्या त्या ओळी पूर्वीसारख्या वाचताच येत नाहीत.

एस्तेरच्या पुस्तकात ही बदललेली स्थिती दिसते. राजा अहश्वेरोशचे साम्राज्य ‘होदू’पासून कूशपर्यंत 127 प्रांतांचे. ‘होदू’ म्हणजे हिंदुस्थान. हिब्रू बायबलमध्ये आपल्या भूमीचे नाव येते ते याच पुस्तकात. त्या दरबारात हामान यहुद्यांविरुद्ध कान भरतो तेव्हा तो त्यांना इतर लोकांत विखुरलेले एक ‘अम’ म्हणतो. विखुरलेल्यांना मुलूख नाही; नाते तेवढे शिल्लक आहे.

त्यानंतर भाषांतरांनी आपले काम केले. अलेक्झांड्रियात ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये आले. तिथे ‘अम’ला बहुधा ‘लाओस’ आणि ‘गोय’ला बहुधा ‘एथ्नोस’ हा शब्द नेमला गेला आणि दोघांमधली दरी रुंदावली. पहिल्या शतकात पौल स्वतःला ‘एथ्ने’चा प्रेषित म्हणवतो. मराठी बायबलमधले ‘परराष्ट्रीय’ उभे आहे ते याच जागी. तिसऱ्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी नियमसंग्रहात आणि नंतरच्या रब्बींच्या चर्चेत ‘गोय’ म्हणजे सरळ एक माणूस, जो यहुदी नाही असा कोणीही. समूहाचा शब्द व्यक्तीचा झाला. सर्वांना सामावणारा शब्द एकाला वगळून उरलेल्यांचा झाला. आदी ओफिर आणि इशाय रोझेन-झ्वी यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला आहे आणि यहुदी-परका ही काटेकोर विभागणी बायबलची नसून नंतरच्या काळाची घडण आहे, असे प्रतिपादन केले आहे. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आता टाळता येत नाही.

गोव्याची वाट इथून फुटते. ग्रीक ‘एथ्ने’ लॅटिनमध्ये ‘गेंतेस’ झाले, त्यावरून ‘गेंतिलिस’, आणि पोर्तुगीजमध्ये ‘जेंतियु’. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा इथल्या हिंदूंना त्यांनी हेच नाव दिले. पुढे इंग्रजांनी त्याचे ‘जेंटू’ केले. नॅथॅनिएल हॅलहेड याने 1776 साली हिंदू धर्मशास्त्रातील कायद्यांचा जो इंग्रजी संग्रह छापला, त्याच्या नावातच ‘जेंटू’ आहे. म्हणजे ज्या शब्दाने परमेश्वराने अब्राहामाला वंशाचे वचन दिले, त्याच शब्दाची दूरची पणती मांडवीच्या काठी येऊन मराठी-कोकणी बोलणाऱ्यांच्या कपाळी चिकटली. त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स याने 1616 साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात अब्राहाम, मोशे यांच्या कथा मराठी ओव्यांत सांगितल्या. नाव देणाऱ्यांनी ‘इतर’ म्हणून बाजूला काढलेल्यांच्याच भाषेत ती जुनी गोष्ट किती मनापासून रुळली, हे त्या ओव्या वाचताना जाणवते.

दुसरी वाट कोकण किनाऱ्याची आहे. अलिबाग-पेणच्या परिसरातील बेने इस्राएल समाजाला शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हटले, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. ते स्वतःला म्हणवीत तो शब्द मात्र थेट हिब्रू बायबलमधला. अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायात एक ओळ आहे: परात्पर देवाने ‘गोयीम’ना त्यांचा वाटा नेमून दिला तेव्हा त्याने लोकांच्या सीमा ‘बेने इस्राएल’च्या संख्येनुसार आखल्या. याकोबाच्या घरची सत्तर माणसे मिसरात गेली आणि जगातली राष्ट्रेही परंपरेने सत्तर मानली जातात, असा तिचा मेळ लावला जात असे. मृत समुद्राजवळच्या गुहांतून मिळालेल्या एका प्राचीन हस्तलिखितात मात्र त्या जागी ‘देवाचे पुत्र’ असे शब्द निघाले. तो पाठ घेतला तर प्रत्येक राष्ट्राला एकेक स्वर्गीय रक्षक आहे, असा निराळाच अर्थ होतो. एका शब्दाच्या बदलाने जगाचा नकाशा बदलतो. पाठचिकित्सा रूक्ष असते असे ज्यांना वाटते त्यांनी हे एक उदाहरण जरूर तपासून पाहावे.

या क्षेत्रात मराठीचे स्वतःचे कामही आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. जोसेफ इझिकेल राजपुरकर यांनी एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांसाठी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. त्या 1922 साली गेल्या आणि ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रतीची प्रचलित प्रतीशी तुलना करत ‘गोय’ची स्थळे वाचणे हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय होईल. तो कोणी तरुण अभ्यासकाने हाती घ्यावा.

आजच्या वापराबद्दल थोडेच सांगतो. यिद्दिश आणि आधुनिक हिब्रूत ‘गोय’ म्हणजे यहुदी नसलेला माणूस. बोलणाऱ्याच्या सुरानुसार तो साधा किंवा बोचरा होतो. यहुदीद्वेषाचा प्रचार करणारेही हा शब्द वाकडा करून वापरतात. वाचकांनी ही आजची कटुता मागे उत्पत्तीपर्यंत नेऊ नये, आणि उत्पत्तीतल्या निरागस अर्थाच्या आधाराने आजच्या वापरातले दुखणे नाकारूही नये. प्रत्येक स्थळी विचारा: बोलतो कोण, कोणाविषयी, आणि तेव्हा त्याच्याजवळ मुलूख होता का.

सुरुवात उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायापासून करा. शेम, हाम आणि याफेथ यांच्या वंशजांची ती यादी घाईने ओलांडली जाते. तुम्ही ती सावकाश, मोठ्याने वाचा. ‘गोयीम’ हा शब्द प्रथम इथेच येतो, आणि त्याच्याबरोबर कुळे, भाषा आणि देश येतात. तिच्यात इस्राएलचे नाव शोधून पाहा. सापडणार नाही, त्यांचा एक पूर्वज एबेर तेवढा दिसेल. तिथे खूण घाला आणि दोन पाने उलटून बाराव्या अध्यायावर या. पंचाहत्तर वर्षांच्या एका निपुत्रिक माणसाला देश, गणगोत आणि बापाचे घर सोडून निघायला सांगितले आहे. त्याच्यापाशी ना मुलूख आहे, ना लेकरू. त्याला वचन मिळते ते मोठ्या ‘गोय’चे.